आमची वाटचाल : ठाणे ते रण

आम्ही ठाण्याहून कच्छच्या रणात आणि राजस्थानात गाडीने सहली नेतो. आधी वहीचं सांगतो. तिच्या झेरॉक्स आज बाजारात फिरतायत, आणि ज्यांच्या हातात त्या आहेत त्यांना ते अक्षर कुणाचं हे ठाऊक नाही. दोनशे पानी, लाल पुठ्ठ्याची, नौपाड्यातल्या दुकानातून घेतलेली. पहिलं पान नोव्हेंबर २००९ चं. तीन हात नाका म्हणजे शून्य किलोमीटर, तिथून पुढे दसाडा, बजाणा, भचाऊ, रापर, खडीर. वही उलट्या बाजूने उघडली की जैसलमेर, खुडी, तनोट. कुठल्या पंपावर डिझेलमध्ये पाणी निघालं, कुठलं टॉयलेट बायकांना वापरण्यासारखं आहे, रात्री नीलगाय कुठल्या वळणाला आडवी येते, रणातल्या कुठल्या बेटाच्या पूर्वेला डिसेंबर उजाडला तरी जमीन ओली असते. एकेक ओळ गाडी थांबवून लिहिलेली आहे.

आम्ही दोघांनी सुरुवात केली. मी वागळे इस्टेटमध्ये कंपन्यांच्या स्टाफच्या गाड्या लावायचो आणि भागीदाराचं कळव्याला गॅरेज होतं. त्याच्या हाताला गुण होता, हे मी आजही म्हणतो. बॉनेट न उघडता नुसत्या आवाजावरून बेअरिंग गेलंय की बेल्ट हे तो सांगायचा. सेकंडहँड स्कॉर्पिओ घेतली, फोर बाय फोरवाली, आणि ठाणे आरटीओत टुरिस्ट पासिंग करून घेतलं. पांढऱ्या पाटीच्या, म्हणजे खासगी गाडीतून आम्ही एकदाही पार्टी नेलेली नाही. परमिट, फिटनेस, बॉर्डर टॅक्स, सगळं भरून धंदा केला. जे भरत नाहीत त्यांचा रेट आमच्यापेक्षा कमी का असतो, ते गिऱ्हाइकाने एकदा पाटीकडे बघून समजून घ्यावं.

आपली माणसं राजस्थान-कच्छला तेव्हाही जायची. रेल्वेने जायची, किल्ला बघायची, सम गावच्या वाळूवर उंटावर बसायची आणि परतायची. जैसलमेरहून बारमेरच्या रस्त्यावर सतरा किलोमीटरवर आकल आहे. जुरासिक काळातल्या झाडांचे दगड झालेले ओंडके तिथे उघड्यावर पडलेत. तिथे कुणी उतरत नव्हतं. आमचं म्हणणं एवढंच होतं की वाळवंट गाडीच्या खिडकीतून बघायचं, सावकाश, आणि जिथे काही आहे तिथे उतरायचं.

सामानाचं सांगायला हवं, कारण या धंद्यात नवी मुलं गाडीवर पैसे घालतात आणि सामानावर वाचवतात. आमच्या प्रत्येक गाडीत दोन फावडी, कॉम्प्रेसर, पंक्चर किट, रुतलेली गाडी ओढायला नऊ मीटरचा पट्टा (स्नॅच स्ट्रॅप), तो अडकवायची लोखंडी कडी (डी-शॅकल) आणि सागाची फळी असते. फळी दीड फूट बाय एक फूट, कळव्याच्या वखारीतून कापून आणलेली. वाळूत जॅक लावला की गाडी वर येत नाही, जॅकच खाली जातो. त्याखाली फळी हवीच. हवेचा गेज काट्याचा, चांगल्या कंपनीचा घ्या. वाळूत उतरण्याआधी आम्ही टायरची हवा बत्तीसवरून अठरा पीएसआयवर आणतो. हवा कमी झाली की टायर पसरतो आणि वजन जास्त जागेवर वाटलं जातं. वाळूत ब्रेक मारू नका, गाडी आपोआप थांबू द्या, आणि थांबताना तोंड उताराकडे ठेवा. डांबरी रस्त्यावर आलात की आधी हवा भरा, मग चहा.

रणाचं गणित याहून वेगळं आहे. वर मिठाची पांढरी साय असते, पायाला कडक लागते आणि खाली काळा चिखल असतो. तिथे नियम एकच, चाकोरी सोडायची नाही. आधीच्या गाडीच्या चाकांवर चाकं ठेवायची. तिथलं अभयारण्य घुडखरांचं, म्हणजे रानगाढवांचं आहे, जवळजवळ पाच हजार चौरस किलोमीटर. तिथे मनाला येईल तिकडे गाडी घालणं जनावरांसाठीही वाईट आहे.

फेब्रुवारी २०१४. दोन दिवस आधी अवकाळी पडून गेला होता. दोन गाड्या होत्या, पुढची भागीदार चालवत होता, मागची मी. घुडखरांचा कळप दिसला, गाडीतल्या कुणालातरी जवळून फोटो हवा होता आणि भागीदाराने चाकोरी सोडली. वॉकीटॉकीवर मी दोनदा म्हणालो, "अरे, वळ." तो तीनशे मीटर आत गेला आणि साय फुटली. रुतल्यावर चाकं फिरवायची नाहीत हे त्यानेच मला शिकवलं होतं, तरी त्याने फिरवली. गाडी चासीपर्यंत बसली आणि क्लचचा वास माझ्यापर्यंत आला. आत सहा माणसं, त्यात एक लहान मूल आणि एक आजोबा. माझी गाडी पुढे नेली असती तर दोन्ही रुतल्या असत्या. आम्ही सगळ्यांना चालवत चाकोरीवर आणलं. अंधार पडायच्या बेतात एक अगरिया, म्हणजे मीठ पिकवणारा, ट्रॅक्टर घेऊन आला. ही माणसं मिठासाठी महिनोन् महिने रणातच कुटुंबासह राहतात. त्याने लांबचा दोर लावून दोन तास खपून गाडी काढली. पैसे घेतले नाहीत. चहापूड आणि साखर दिली, ती घेतली. तेव्हापासून आमच्या सामानात त्या माणसांसाठी चहा-साखरेची पिशवी असते.

पार्टीने पूर्ण पैसे परत मागितले आणि मी दिले. क्लच, गिअरबॉक्स, टोइंग धरून एक लाख ऐंशी हजार गेले. विमावाले म्हणाले, रस्ता सोडून गाडी नेली, क्लेम बसत नाही. गाडी माझ्या नावावर, हप्ता माझ्या नावावर. भागीदार म्हणाला, पावसानंतरची तारीख तू ठेवलीस, चूक तुझी. हे वाक्य मी विसरलेलो नाही.

चार महिन्यांत त्याने घोडबंदर रोडला स्वतःचं ऑफिस टाकलं. आमच्या गिऱ्हाइकांचे नंबर त्याच्याकडे, आणि वहीची झेरॉक्ससुद्धा. मला कसं कळलं? एका मुक्कामाचं अंतर मी घाईत उलटं लिहिलं होतं, ३७ चे ७३. त्याच्या छापील पत्रकात ७३ च आले. कच्छमधल्या काळो डुंगर टेकडीवर उभ्या असलेल्या माझ्या स्कॉर्पिओचा फोटोही होता, नंबरप्लेट पुसून. वर "२००९ पासून". त्यातली पाच वर्षं माझीही होती. त्या दिवाळीला आमच्याकडे तीन गाड्या आणि दोन बुकिंग होती. बायकोच्या पाटल्या पतपेढीत ठेवल्या आणि एक गाडी विकली. जुन्या गिऱ्हाइकांचे फोन यायचे, "तुमचे पार्टनर स्वस्तात नेतायत, तुम्ही काय देता?" मी काय देतो हे फोनवर सांगता येत नव्हतं. कागदावर दोघांचं सारखंच दिसत होतं.

भागीदारी करणार असाल तर पहिल्या दिवशी स्टॅम्प पेपर करा. वही, फोन नंबर, फोटो कुणाचे, तेही त्यात लिहा. मैत्री आहे म्हणून थांबू नका.

त्या दिवाळीची ती दोन्ही बुकिंग बाईंची होती. आम्ही सगळे त्यांना बाईच म्हणतो. ठाण्याच्या मराठी शाळेत त्यांनी भूगोल शिकवला आणि निवृत्तीनंतर २०१० साली पहिल्यांदा आमच्याबरोबर आल्या. त्या दिवाळीला शाळेतल्या जुन्या सहकाऱ्यांना घेऊन आल्या. भागीदाराचा विषय त्यांनी पूर्ण प्रवासात काढला नाही.

मी जे काही बोलतो त्यातलं निम्मं बाईंकडून आलेलं आहे. आधी मी कच्छमधल्या लखपतचा किल्ला दाखवून "ओसाड बंदर" एवढंच म्हणायचो. बाईंनी मला तटावर उभं करून सांगितलं, १६ जून १८१९ च्या भूकंपाने उत्तरेला जमीन उचलली गेली, तिला लोक अल्लाह बंद म्हणतात. सिंद्रीचा किल्ला पाण्यात गेला, सिंधूचं पाणी इकडे यायचं थांबलं आणि बंदराचा व्यापार बसला. तटाच्या पलीकडे नुसता सपाट चिखल दिसतो, तो कशामुळे हे तेव्हा मला कळलं. आकलला त्या दोन तास थांबल्या. बाकीची मंडळी उंटासाठी घाई करत होती. मी उंट रद्द केला.

माळढोक त्यांनी तरुणपणी सोलापूरजवळ नान्नजला पाहिला होता. आता तिथे तो दिसेनासा झाला आहे आणि साऱ्या देशात दीडशेच्या आत उरलाय. जैसलमेरकडच्या सुदासरीला लांबवर एक दिसला, गवतात मान वर करून उभा. बाईंनी दुर्बीण माझ्या हातात दिली आणि काही बोलल्या नाहीत. मी गाडी तिथून इंचभरही पुढे घेतली नाही.

मधली वर्षं बरी गेली. पाटल्या सोडवल्या. २०१७ ला भरूचचा नवा पूल झाला आणि नर्मदेवर तासन् तास अडकणं संपलं.

लॉकडाऊनमध्ये सगळ्यांचे अ‍ॅडव्हान्स परत केले, त्याला अकरा महिने लागले. बाईंनी घेतला नाही. "खडीर राहिलंय," म्हणाल्या. जुलै २०२१ मध्ये खडीर बेटावरचं हडप्पाकालीन धोलावीरा जागतिक वारसा झालं आणि डिसेंबरात आम्ही गेलो. खडकात कोरलेल्या तलावांच्या काठाने त्या काठी टेकत चालल्या. पाणी कुठून आत घेतलं, कुठे साठवलं, ते आमच्या नव्या ड्रायव्हरला समजावत होत्या. तो वहीत लिहून घेत होता. ही तिसरी वही. तिच्यात बाईंचंही अक्षर आहे.

यंदा त्यांचे गुडघे जास्त दुखतात म्हणून एक नंबरच्या गाडीला डाव्या बाजूला लोखंडी पायरी बसवून घेतली आहे. पहिली बॅच डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी, पहाटे साडेचारला, तीन हात नाक्यावरून. बॅग प्रत्येकी एकच, मऊ, चाकांची नको. उशीर करू नका, घोडबंदर रोडला ट्रकची रांग लागली की वापीचा नाश्ता दुपारी होतो. बाई सव्वाचारलाच येऊन उभ्या असतात.