कोपनहेगनचं जुनं सागवान: आधी पाठ बघा, मग पोट

कोपनहेगनच्या मध्यवस्तीतून राणी लुईसच्या पुलावरून तळी ओलांडली की नोरेब्रो लागतं, आणि पुलाच्या जवळच रावन्सबोर्गगाडे. जुन्या फर्निचरच्या दुकानांसाठी हा रस्ता ओळखला जातो. काचेमागे सागवानी साइडबोर्ड, म्हणजे लांब, बुटकं कपाट, त्यावर निळ्या नक्षीची चिनीमाती, वर पितळी किंवा अॅल्युमिनियमचा दिवा, कोपऱ्यात दोरीने विणलेली खुर्ची. मांडणी इतकी देखणी असते की माणूस वस्तूऐवजी मांडणीच्याच प्रेमात पडतो. ब्रेडगाडेवरची दुकानं याहून महाग आणि याहून गंभीर. तिथे फक्त बघायला जावं.

पाटीवर ‘अँटिक’ लिहिलेलं असलं तरी आतला बराचसा माल 1950 ते 1970 मधला असतो. कस्टम्सच्या लेखी शंभर वर्षांहून जुनी वस्तू तेवढी अँटिक, बाकी सगळं वापरलेलं फर्निचर. सामान भारतात न्यायचं असेल तर हा फरक पैशांत मोजावा लागतो.

आपल्याकडच्या गिऱ्हाइकाची ठेच ठरलेली आहे. सागवान म्हटलं की आपल्याला भरीव, चार माणसांनी उचलायचं कपाट आठवतं. इथला साइडबोर्ड उचलायला दोघं पुरतात, कारण त्यात साग असतो तो वरच्या पापुद्र्यात, म्हणजे विनियरमध्ये. आत ब्लॉकबोर्ड किंवा चिपबोर्ड, कडांना भरीव सागाची पट्टी, पाय आणि मुठी भरीव. ही फसवणूक नव्हे. सयाम आणि ब्रह्मदेशातून येणारा साग रुंद, सपाट पृष्ठभागावर न तडकता बसावा म्हणून ती रीत होती. इथली घरं हिवाळाभर तापवलेली, हवा कोरडी. तिथे भरीव रुंद फळी फाटते. म्हणून ‘भरीव आहे का?’ हा प्रश्नच चुकीचा. विनियर किती शिल्लक आहे, ते विचारावं.

त्यासाठी खण पूर्ण बाहेर काढा. कोपऱ्यांवर डव्हटेल सांधे, म्हणजे कबुतराच्या शेपटीसारखे एकमेकांत अडकवलेले दाते, असतील तर काम बरं. मग ज्या कडेला भरीव पट्टी नाही ती कड नखाने चाचपा. विनियर साधारण 0.6 ते 0.8 मिलिमीटरचं असतं. आधीच्या मालकाने मशीनने घासलं असेल तर कोपऱ्यांवर आणि कडांलगत फिकट डाग दिसतात. तो रंग उडालेला नसतो, खालचं लाकूड वर आलेलं असतं. त्यावर इलाज नाही. रंगकाम करून तो लपवता येतो, आणि काही दुकानदार तो सफाईने लपवतातही, म्हणून खिडकीच्या उजेडात तिरकं बघा. पाठीलाही विनियर असेल तर वस्तू खोलीच्या मधोमध ठेवण्यासाठी घडवलेली आहे. असा नग जास्त पैशांना योग्य. शेवटी टॉर्च लावून खालून बघा: एक-दोन मिलिमीटरची गोल भोकं आणि खाली ताजा पिवळसर भुसा असेल तर कीड जिवंत आहे. जुनी, धूळ भरलेली भोकं असतील तर एवढं घाबरू नका.

शिक्के खालच्या बाजूला असतात. डॅनिश फर्निचरमेकर्स कंट्रोल या दर्जा-तपासणीचा गोल शिक्का किंवा फ्रान्स अँड सोन या कारखान्याचा छोटा धातूचा बिल्ला दिसला की किंमत चढते. शिक्का नाही म्हणून वस्तू वाईट ठरत नाही. कागदी लेबलं कधीच गळून गेलेली असतात. उलट डॅनिश डिझायनर हान्स वेग्नरची ‘वाय’ पाठीची खुर्ची 1950 पासून आजतागायत बनते आहे. ती दुकानात दिसली म्हणजे जुनीच, असं नाही.

खुर्च्यांत लाकडापेक्षा बैठक आधी जाते. या वेग्नर खुर्चीच्या बैठकीला कागदाची पीळ दिलेली दोरी सुमारे 120 मीटर लागते. एक धागा तुटला तर गाठ मारून भागत नाही, बहुधा अख्खी बैठक नव्याने विणावी लागते, बाजेची नवार बदलावी तशी. आरामखुर्चीची गादी उचलून रबरी पट्ट्या ओढून बघा. जुनं रबर कडक होऊन तडकतं, पट्ट्या बदलणं सोपं आहे, पण ते पैसे भावातून वळते करून मागा. इथे बाजारासारखी घासाघीस चालत नाही. दोन-तीन वस्तू एकत्र घेऊन ‘सगळ्यांचे मिळून किती?’ एवढं विचारलं की पुरतं. जुन्या मालाच्या पावतीवर व्हॅट सहसा वेगळा दाखवत नाहीत, त्यामुळे विमानतळावर तो परत मिळण्याची आशा धरू नका.

गडद, काळसर रेघांचं लाकूड दिसलं तर थांबा. ते सागवान नसून पालिसांडर, म्हणजे रोझवूड, असेल. ब्राझीलचं हे लाकूड 1992 पासून सायटीस या दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्ट 1 मध्ये, म्हणजे सर्वांत कडक यादीत, आहे. कागदपत्रांशिवाय ते सीमेबाहेर नेता येत नाही. दुकानदाराकडे दाखला नसेल तर सागाकडे वळा. सागावर हे बंधन नाही.

साफसफाईला व्हाइट स्पिरिट आणि 0000 नंबरची स्टील वूल, रेषेच्या दिशेने, हलक्या हाताने. वाळलं की जवसाचं तेल पातळ लावा, 15-20 मिनिटांनी उरलेलं सगळं पुसा, एक दिवस थांबून दुसरा हात. तेल पुसलं नाही तर चिकट थर बसतो आणि त्यावर धूळ. तेलाची चिंधी चुरगळून कचऱ्यात टाकू नका. हे तेल सुकताना तापतं आणि चिंधी आपोआप पेटू शकते, म्हणून ती पाण्यात भिजवा किंवा बाहेर पसरून वाळवा. ओक आणि बीचला मात्र तेल नको. त्यांना इथे साबणाचे पांढरे फ्लेक्स गरम पाण्यात विरघळवून लावतात आणि रंग फिकाच ठेवतात.

चिनीमातीत रॉयल कोपनहेगनच्या तीन लाटांचा शिक्का बघा. लाटांवर आडवा ओरखडा असेल तर कारखान्यानेच तो नग दुय्यम ठरवलेला. रोजच्या जेवणाला त्याने काही अडत नाही, पण भाव पहिल्या दर्जाचा देऊ नका.

दिवा घेणार असाल तर वायर बदलायची तयारी ठेवा. जुनी कडक वायर वाकवली की फुटते. होल्डर ई 27, स्क्रूचा. तसे बल्ब आता आपल्याकडेही मिळतात, प्लग मात्र बहुधा बदलावा लागेल.

सामान पाठवताना पाय खोलून त्यांवर क्रमांक टाका, किल्ली खणात न ठेवता स्वतःजवळ ठेवा. लाकडी पेटीवर आयएसपीएम 15 चा शिक्का हवा, म्हणजे पेटीचं लाकूड गाभ्यापर्यंत 56 अंशांवर 30 मिनिटं तापवलेलं किंवा दुसऱ्या मान्य रीतीने कीडमुक्त केलेलं. मुंबई-कोकणात पोचल्यावर साइडबोर्ड भिंतीपासून चार बोटं पुढे ठेवा. पहिल्या पावसाळ्यात खण फुगून अडकतील. त्यावर रंधा चालवू नका, ऑक्टोबरात ते बहुधा आपोआप सुटतात.