फोकसिंग रेलवर हात बसताना

कोकणातल्या सड्यांवर, म्हणजे जांभ्या खडकाच्या सपाट माळांवर, पावसाळ्यात दवबिंदू ही कीटकभक्षी वनस्पती उगवते. तिचे एक पान, केसांच्या टोकांवरच्या चिकट थेंबांसकट आणि पुढच्या कडेपासून देठापर्यंत सगळे स्पष्ट, एका छायाचित्रात यावे अशी माझी इच्छा होती आणि त्यासाठीच मी फोकसिंग रेल, म्हणजे नॉब फिरवून कॅमेरा थोडाथोडा पुढे-मागे सरकवणारी पट्टी, वापरायला शिकले. तिच्यातल्या ड्रोसेरा बर्मानी या जातीची पाने जमिनीला टेकून चक्राकार पसरतात, त्यामुळे ताठ वाढणाऱ्या जातीसारखी ती वाऱ्यावर हलत नाही. एकाच पानाच्या लागोपाठ वीस-पंचवीस फ्रेम घ्यायच्या असतील, तर हा गुण फार मोलाचा ठरतो.

एवढ्या फ्रेम का लागतात, हे आधी सांगायला हवे. मॅक्रो लेन्सवर १:१ प्रमाण लावले की एक सेंटिमीटरची वस्तू सेन्सरवरही एक सेंटिमीटरचीच उमटते, आणि या प्रमाणाला माझ्या एपीएस-सी (फुल-फ्रेमपेक्षा लहान) सेन्सरच्या कॅमेऱ्यावर लेन्सचे छिद्र एफ ५.६ ठेवले तर स्पष्ट दिसणारा थर जेमतेम ०.४५ मिलिमीटर जाडीचा असतो. छिद्र लहान करून एफ १६ वर जावे, तर १:१ प्रमाणाला ते प्रत्यक्षात एफ ३२ इतके काम करते आणि प्रकाशाच्या विवर्तनामुळे, म्हणजे लहान छिद्रातून जाताना तो पसरल्यामुळे, केसांची धार बोथट होते. म्हणून मधल्या छिद्रावर थराथराने फ्रेम घ्यायच्या आणि नंतर संगणकावर त्या एकत्र करायच्या, हाच मार्ग उरतो.

रेलचे काम मला खऱ्या अर्थाने उलगडले ते फोकस रिंग आणि रेल यांची कामे मनात वेगळी झाल्यावर. लेन्स तिच्या सर्वांत जवळच्या अंतरावर, म्हणजे १:१ वर नेली की रिंग फिरवून आणखी जवळचे काही स्पष्ट करता येत नाही. उलट दिशेने फिरवली तर प्रमाणच बदलते. म्हणून रिंगने वस्तू किती मोठी हवी ते एकदाच ठरवायचे, ऑटोफोकस बंद करायचा, आणि त्यानंतर रिंगला हात न लावता अख्खा कॅमेराच रेलवरून पुढे-मागे न्यायचा. प्रमाण १:१ पेक्षा बरेच कमी असेल, तर थर रिंगनेच घेणे अधिक सोयीचे पडते, कारण कॅमेरा सरकला की दृष्टिकोनही थोडा सरकतो. त्यामुळे प्रत्येक मॅक्रो छायाचित्रासाठी रेल घेऊन बसण्याची गरज नसते, हे नवशिक्यांना कुणीतरी सुरुवातीलाच सांगायला हवे असे मला मनापासून वाटते.

सड्यावर जाण्याआधी मी रेल घरातल्या टेबलावर मोजली. नॉबचे दहा पूर्ण फेरे फिरवून सरकपट्टीचे अंतर व्हर्निअरने (सूक्ष्म मोजमापाच्या कॅलिपरने) पाहिले, तेव्हा ते १२.५ मिलिमीटर भरले. म्हणजे एका फेऱ्याला १.२५ आणि पाव फेऱ्याला साधारण ०.३१ मिलिमीटर. मग अर्ध्या मिलिमीटरच्या रेघा असलेली स्टीलची पट्टी लेन्ससमोर ४५ अंशांत तिरपी ठेवून फ्रेम घेतली आणि ती मोठी करून पाहिली, तर एक रेघ ठसठशीत होती आणि तिच्या शेजारच्या दोन्ही रेघांच्या कडा विरघळलेल्या होत्या. पाव फेरा पुढे जाऊन दुसरी फ्रेम घेतली की दोन थर सुमारे तीस टक्के एकमेकांवर येतात, आणि जोडणीला तेवढे पुरते. सहा मिलिमीटर खोलीच्या पानाला या हिशेबाने वीसएक फ्रेम लागतात.

स्क्रूच्या आट्यांमध्ये थोडा बॅकलॅश, म्हणजे ढिलाई, असतेच. दिशा उलटली की नॉब फिरतो, पण कॅमेरा लगेच हलत नाही. म्हणून मी पानाच्या जवळच्या टोकाच्याही थोडे मागे जाते, तिथून नॉब पुढे फिरवत आट्यांमधली ढिलाई संपवते, आणि काहीच स्पष्ट नाही अशा फ्रेमपासून सुरुवात करून शेवटपर्यंत एकाच दिशेने जाते. रेल खाली झुकलेली असेल, तर कॅमेऱ्याचे वजन आट्यांना एका बाजूने दाबून धरते आणि ही अडचण बरीचशी आपोआप मिटते. स्क्रूऐवजी दातेरी पट्टीवर सरकणाऱ्या रेलवर मात्र तेच वजन कॅमेरा हळूहळू घसरवते, त्यामुळे तिथे लॉक किंचित आवळूनच काम करावे लागते.

सड्यावरच्या ओल्या जांभ्यावर ट्रायपॉडचे पाय आडवे पसरून मधला दांडा काढून टाकला आणि रेल जमिनीपासून वीतभर उंचीवर आणली. एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स हाताने ठरवून दिले, कारण ढग सरकताना ते आपोआप बदलू दिले, तर थर एकमेकांशी जुळत नाहीत. पाव फेरा फिरवायचा, हात काढायचा, कंपन थांबेपर्यंत थांबायचे आणि रिमोटने फ्रेम घ्यायची, एवढाच क्रम. पान निवडताना मात्र नुकताच किडा चिकटलेले पान मी टाळते, कारण त्याचे केस आत वळत असतात आणि पहिल्या व शेवटच्या फ्रेममधले पान एकसारखे राहत नाही. भोवतीचे गवत मी उपटत नाही; बोटाने बाजूला करून त्यावर बीनबॅग (दाणे भरलेली छोटी पिशवी) ठेवते.

हेलिकॉन फोकस या फ्रेम जोडणाऱ्या संगणक-प्रणालीत थर जोडताना एकमेकांना छेदणाऱ्या केसांसाठी पिरॅमिडची पद्धत सरस ठरली. पानाच्या पृष्ठभागाचा रंग मात्र खोलीच्या नकाशावर चालणाऱ्या पद्धतीत अधिक खरा आला. म्हणून दोन्ही जोडण्या करून घेऊन, पहिलीतले केस दुसरीवर ब्रशने उतरवणे हे किचकट पण समाधान देणारे काम मी अजूनही आवडीने करते.

सध्या एक्स्टेन्शन ट्यूब (कॅमेरा आणि लेन्स यांच्यामध्ये बसवायची पोकळ नळी) लावून २:१ प्रमाणाचा, म्हणजे वस्तू सेन्सरवर दुप्पट मोठी उमटण्याचा, सराव चालू आहे. तिथे एफ ५.६ वरचा थर ०.१७ मिलिमीटरवर येतो आणि पाव फेरा फार मोठा ठरतो. म्हणून दहा समान भाग आखलेली कागदी चकती नॉबमागे चिकटवली आहे आणि दर वेळी एकच भाग, म्हणजे ०.१२५ मिलिमीटर, पुढे जाते.