वीस वर्षं आणि साडेतीन हजार वर्षं

त्या सोमवारी इनबॉक्स उघडला तर वाचकांची त्रेसष्ट पत्रं. एरवी आठवड्याला दहा-बारा येतात. एका साप्ताहिकात वाचकपत्रांचं पान मी बघतो. पत्रं वाचायची, निवडायची, दीडशे शब्दांत बसवायची आणि संध्याकाळी पाचला पान सोडायचं. तारीख 5 सप्टेंबर 2022. शुक्रवारी टॉल्किनच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या जगावर बेतलेल्या 'द रिंग्ज ऑफ पॉवर' या ॲमेझॉनच्या मालिकेचे पहिले दोन भाग आले होते.

लोक चिडणार हे चार वर्षांपासून दिसत होतं. टॉल्किन 1973 साली गेले. त्यांची हस्तलिखितं मुलाने, ख्रिस्तोफर यांनी, आयुष्यभर सांभाळली, जुळवली, छापली. जानेवारी 2020मध्ये तेही गेले. त्याआधीच, 2018 साली, ॲमेझॉनने हे जग जे. डी. पेन आणि पॅट्रिक मॅकके या जोडीच्या हाती दिलं होतं. श्रेयनामावलीत त्यांची नावं तोवर फारशी कुणी वाचलेली नव्हती. त्यात 'सिल्मरिलियन'चे, म्हणजे त्या जगाच्या जुन्या पुराणकथांच्या पुस्तकाचे, हक्क नव्हतेच. जवळजवळ साडेतीन हजार वर्षं चाललेल्या दुसऱ्या युगाची गोष्ट उभी करायची ती 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' आणि त्याच्या परिशिष्टांवर. परिशिष्टांत काय, तर सालं, वंशावळी, कुठे एखादी ओळ. मधलं सगळं या दोघांनी रचायचं.

काही पत्रं मी पहिल्या परिच्छेदातच मिटली. एल्फ झालेला इस्माएल क्रूझ कोर्दोवा आणि ड्वार्फांची राजकन्या डीसा झालेली सोफिया नोमवेते यांच्या कातडीच्या रंगापलीकडे त्यांत काहीच नव्हतं. पुस्तकावरचं प्रेम असं नाव देऊन लोक हे लिहितात याचा मला त्या दिवशी संताप आला, आजही येतो. असलं एकही पत्र छापायचं नाही हे सकाळी दहालाच ठरलं.

मग एका बाईंचं चार पानी पत्र हाती आलं. मथळा होता, 'यांना हा अधिकार कोणी दिला?' रागाचं आणखी एक, असं समजून मी ते कापायच्या गठ्ठ्यात टाकलं. दुपारी कापायला घेतलं आणि दुसऱ्या पानावर अडकलो. तिथे बाईंनी एक आडवी रेघ मारून तिच्यावर दुसऱ्या युगातली सालं लिहिली होती. 442, 1500, 3319, 3441. दीडशे शब्दांत हे बसेना. पत्राखाली फोन नंबर होता, तो लावला.

"कापणार असाल तर छापू नका," त्या पहिल्यांदा हेच बोलल्या.

मी म्हटलं, मला आधी ती रेघ समजावून सांगा.

"एलरॉन्ड आणि एलरॉस हे जुळे भाऊ. एकाने एल्फ व्हायचं निवडलं, दुसऱ्याने माणूस. एलरॉस नूमेनोरचा, माणसांच्या बेटावरच्या राज्याचा, पहिला राजा झाला आणि 442 साली वारला. एलरॉन्ड राहिला. पुढे भावाच्या वंशातली एकेक पिढी येते आणि जाते, हा आहेच. सत्तेच्या जादुई अंगठ्या घडवायला सुरुवात होते 1500च्या सुमारास. नूमेनोर बुडतं 3319 साली. ती माणसं का बिघडली? एल्फ मरत नाहीत आणि आपण मरतो, हे त्यांना सोसेना म्हणून. ही सल पिकायला शतकं लागतात हो! आणि मालिकेच्या या दोन लेखकांनी अंगठ्या आणि 3441 साली, युग संपताना लढणारा इसिल्दूर एकाच काळात आणून ठेवले. मग पिढ्या गेल्या कुठे? त्यांना जाताना बघणारा एलरॉन्ड कुठे गेला?"

मी बोलायचं म्हणून बोललो, की टॉल्किननीच 1951च्या एका पत्रात म्हटलंय, आपल्या पुराणकथांतला काही भाग नुसता रेखाटून ठेवावा, चित्र, संगीत, नाटक घेऊन येणाऱ्या दुसऱ्या हातांसाठी जागा सोडावी, असं कधी काळी मनात होतं.

"आणि 1958चं?" त्यांनी लगेच विचारलं. ते पत्र मलाही आठवत होतं. चित्रपटाचा एक आराखडा टॉल्किनकडे तपासायला आला होता. त्यांनी ओळीओळीवर हरकती घेतल्या. गरुडांचा वापर नको तितका केलाय, लेम्बासला, एल्फांच्या प्रवासातल्या पावाला, सरळ आटवलेलं अन्न करून टाकलंय. आणि कथेचा काळ मुद्दाम आखडण्याचं कारण काय, हेही त्यांनी विचारलं होतं. "मी वेगळं काय विचारतेय?" बाई म्हणाल्या.

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी विचारलं, "म्हणजे पुढचे भाग बघणार नाही तुम्ही?"

त्या जरा थांबल्या. आवाज उतरला. "अहो, तो ड्यूरिनचा प्रसंग पाहिलात ना?"

दुसऱ्या भागातला. एलरॉन्ड ड्वार्फांच्या खझाद-दूम नगरीत येतो, तिथल्या राजपुत्र ड्यूरिनचा जुना मित्र म्हणून, हसतमुखाने. आणि ड्यूरिन धुमसत असतो. तू वीस वर्षं आला नाहीस, माझं लग्न चुकवलंस, मुलं झाली तेव्हा नव्हतास. तुम्हा एल्फांना वीस वर्षं म्हणजे पापणी लवण्याइतकी, मी तेवढ्यात अख्खं आयुष्य जगलो. एलरॉन्डच्या चेहऱ्यावरून दिसतं की हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"असं काही पुस्तकात नाही," बाई म्हणाल्या. "या दोघांनी लिहिलंय. आणि माझी चार पानं ज्याच्याविषयी आहेत, तेच आहे ते. मी रडले त्या प्रसंगाला. पत्रात लिहायचं राहून गेलं, रागात होते." मग त्यांनी फोनवर सहा ओळी सांगितल्या, मी उतरवून घेतल्या. मथळा तुम्हीच काढून टाका, म्हणाल्या.

संपादकांकडे गेलो तेव्हा साडेतीन झाले होते. त्यांनी पत्र उभ्या उभ्या वाचलं आणि विचारलं, "यांना मालिका आवडली की नाही? वाचकाला एक काहीतरी कळायला हवं." मी म्हटलं, दोन्ही आहे, आणि दोन्ही त्याच एका कारणासाठी आहे. यातला अर्धा भाग कापला तर उरलेला खोटा ठरेल. मी एवढं अडून बसतो असं सहसा होत नाही. त्यांनी पुन्हा एकदा वाचलं, ती रेघही बघितली. शेवटी लावून झालेली चार पत्रं उतरवली आणि हे एकच अख्खं घेतलं, सालांच्या रेघेसकट. पान पाचऐवजी पावणेसहाला सुटलं.

त्या शुक्रवारी तिसरा भाग आला, नूमेनोर पहिल्यांदा दाखवणारा. शनिवारी सकाळी इनबॉक्समध्ये सगळ्यात वर बाईंचं पत्र होतं. पहिली ओळ अशी : 'काल नूमेनोर पाहिलं. सांगण्यासारखं बरंच आहे, या वेळी पाच पानं झालीत.'