जेम्सटाउन ते ओसू, पायी

अक्रा, शनिवार

घानाची राजधानी असलेल्या अक्रात पाहण्याचा क्रम उलटा झाला की अर्धी गंमत जाते. बरेच पाहुणे गाडीतून थेट घानाचे पहिले पंतप्रधान क्वामे एन्क्रुमा यांच्या समाधीशी उतरतात, पुतळ्यापुढे फोटो काढतात आणि केप कोस्ट या किनारी शहराच्या वाटेला लागतात. समाधी पाहावीच, पण आधी जेम्सटाउन, शहराचा जुना भाग.

सकाळी लवकर, ऊन चढायच्या आत, लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या दीपगृहापाशी सुरुवात करावी. वर जायचं असेल तर पैसे आधी ठरवून घ्यावेत आणि सेडीच्या, म्हणजे घानाच्या चलनाच्या, सुट्ट्या नोटा जवळ ठेवाव्यात. इथे कोळी राहतात; माणसांचे फोटो विचारल्याशिवाय काढले की भांडण होतं, आणि त्यात चूक आपलीच असते. समोरचा जेम्स फोर्ट इंग्रजांनी 1673 मध्ये बांधला आणि पुढे त्याचा तुरुंग झाला. आत सोडतीलच असं नाही. एन्क्रुमा इथेच कैदेत असताना 1951 ची निवडणूक जिंकले आणि सुटल्यावर त्यांनी सरकार बनवलं. थोडं पूर्वेला डचांचा अशर फोर्ट. तोही तुरुंगच होता.

तिथून हाय स्ट्रीट धरून समाधीच्या बागेत यावं. हे जुनं पोलो मैदान. 6 मार्च 1957 च्या मध्यरात्री स्वातंत्र्याची घोषणा इथे झाली. त्याआधी, 28 फेब्रुवारी 1948 ला, दुसऱ्या महायुद्धातले माजी सैनिक पेन्शनचं गाऱ्हाणं घेऊन इथूनच ओसूच्या किल्ल्यातल्या ब्रिटिश गव्हर्नरकडे निघाले होते. वाटेत गोळीबार झाला आणि तिघे मारले गेले. शहरात दंगली उसळल्या. त्या माजी सैनिकांतले कितीतरी जण ब्रह्मदेशच्या आघाडीवरून परतलेले. आपल्या मराठा पलटणीही त्याच आघाडीवर होत्या, म्हणून ही वाट परकी वाटत नाही. बागेत 1966 च्या सत्तापालटात मोडलेला एन्क्रुमांचा जुना पुतळाही आहे, शिर वेगळ्या चौथऱ्यावर. मोठ्या पुतळ्यापेक्षा तो जास्त सांगतो.

बागेतून बाहेर पडल्यावर मोर्च्याच्याच दिशेनं पूर्वेला चालावं. ब्लॅक स्टार चौक उघडा आहे, सावली जवळजवळ नाही. पाणी आणि टोपी आधीच हवी. ओसूचा किल्ला डॅनिश, सतराव्या शतकातला, मूळ नाव क्रिश्चन्सबोर्ग. 1693 मध्ये अक्वामू या स्थानिक राज्याच्या असामेनीनं व्यापारी म्हणून माणसं आत नेऊन तो काबीज केला आणि सुमारे वर्षभर चालवला. डेन्मार्कनं 1845 मध्ये तमिळनाडूतलं ट्रांकेबार इंग्रजांना विकलं, 1850 मध्ये हा किल्ला. पुढे बरीच वर्षं घानाचं सरकार इथूनच चाललं, त्यामुळे पहारा असतो. आत जाता येईल का, हे आदल्या दिवशी विचारावं. पहारेकऱ्यांवर कॅमेरा रोखू नये.

राष्ट्रीय संग्रहालय या वाटेवर नाही. टॅक्सी करावी लागते, तेव्हा ते दुसऱ्या दिवशीच बरं. केप कोस्ट तर त्याच दिवशी जोडूच नये: अंतर दीडशे किलोमीटरच्या आसपास, पण वाटेवरच्या कासोआ गावातल्या वाहतूक कोंडीत किती तास जातील याचा नेम नाही, आणि गुलामांना कोंडून ठेवलेल्या तिथल्या किल्ल्याच्या तळघरांना घाईत उरकणं शोभत नाही.