मे महिन्यात या

"पानी बगायचं आसंल तर आत्ता नगा, मे मधी या," बोटवाले बाबा हळूच म्हणाले. एजंट तेव्हा पुढं बसून फोनवर बोलत होता.

बामणोलीला 'लेक व्ह्यू' प्लॉट बघायला गेलो होतो. कोयना धरणाचा शिवसागर जलाशय काठोकाठ, पाणी पार प्लॉटच्या पायाशी. मनातल्या मनात मी गॅलरीत चहासुद्धा घेऊन बसलो होतो.

"उन्हाळ्यात हितं नुस्ता चिखल. पानी पार तिकडं खाली." खरंच की! हे पाणी पोफळीच्या वीजघरासाठी साठवलेलं, माझ्या चहासाठी थोडंच?

मग एजंटला विचारलं. धरण भरल्यावरची पाणीरेषा कुठली? धरणासाठीच्या भूसंपादनाची हद्द कुठवर? जमीन एनए, म्हणजे बिगरशेती, झालीय? नसेल तर शेतकरी असल्याचा दाखला लागेल ना? अभयारण्य जवळ, वनखात्याचं काय? सातबारा तरी दाखवा.

"साहेब, टोकन देऊन ठेवा, बाकीचं होतंय."

उतरताना बाबांना विचारलं, गाव कुठलं तुमचं? त्यांनी बोटीखाली बोट दाखवलं. "बापाचं घर हितंच व्हतं."

टोकन खिशातच राहिलं. मे महिन्यात तिकडं कुणी गेलंय का? फोटो असेल तर टाका.