दोन्हीत 14 कोअर, मग सर्व्हर कशाला?

गेल्या रविवारी भाचा आला होता. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. माझ्या टेबलाखालचा सर्व्हर बघून म्हणाला, "मावशी, यातला झिऑन ई5-2680 व्ही4 प्रोसेसर तर 2016 सालचा. तुझ्या लॅपटॉपमधला आय7-12700एच 2022 चा. कोअर दोन्हीत 14. मग या जुन्याला कशाला वीज पाजतेस?"

(कोअर म्हणजे प्रोसेसरमधला स्वतंत्रपणे गणित करणारा एकेक भाग.) मशीनमध्ये तसे दोन झिऑन आहेत, हे त्याला माहीत नव्हतं. पण खरं उत्तर तेही नाही. चहा होईपर्यंत जेवढं सांगता आलं तेवढं सांगितलं. उरलेलं इथे लिहिते.

मी नाशिकच्या इंदिरानगरला घरूनच काम करते. द्राक्षांच्या पॅकहाउसमधल्या प्रीकूलिंगच्या खोलीत हवा कशी फिरते, ते ओपनफोम या सॉफ्टवेअरवर काढून द्यायचं. बागेतून माल येतो तो तापलेला. काही तासांत तो शून्याच्या जवळ न्यायचा, आणि पुढच्या पेटीइतकीच मागची पेटीही गार व्हायला हवी. त्यासाठी खोलीचे साधारण 40 लाख बारीक तुकडे पाडायचे आणि प्रत्येक तुकड्यातला वेग, दाब, तापमान पुन्हा पुन्हा काढत राहायचं. एका रनमध्ये, म्हणजे हा हिशेब एकदा पुरा चालवताना, अशी हजार आवर्तनं होतात.

आधी लॅपटॉपची बाजू, कारण ती लोक उगाच कमी लेखतात. खोलीचे तुकडे पाडण्याचं काम, म्हणजे मेशिंग, मी एकाच कोअरवर करते. लॅपटॉपला 11 मिनिटं लागतात, सर्व्हरला 20. इथे एका कोअरचा वेग चालतो: लॅपटॉपचा कोअर 4.7 गिगाहर्ट्झपर्यंत जातो, झिऑनचा 3.3 पर्यंतच, शिवाय नवा कोअर दर ठोक्याला (एक गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला एक अब्ज ठोके) कामही जास्त उरकतो. ड्रॉइंग उघडणं, चित्रं काढणं, ब्राउझर, सगळ्यात लॅपटॉपच सरस.

मुख्य रन मात्र लॅपटॉपवर 1 तास 25 मिनिटं घेतो आणि सर्व्हरवर 35 मिनिटं. एक झिऑन बाजूला ठेवून एकट्याने चालवला, तरी 1 तास 10 मिनिटांत उरकतो.

याचं कारण मला कळलं ते एका फसलेल्या खरेदीमुळे. मशीन जुनंच घेतलं होतं. विकणाऱ्याने 64 जीबी रॅम सांगितली होती आणि तेवढी दिलीही, पण 32-32 च्या दोनच स्टिक, प्रत्येक प्रोसेसरला एक. पहिला रन लावला तर 1 तास 50 मिनिटं! लॅपटॉपपेक्षाही हळू. पैसे पाण्यात गेले असं वाटून मी दोन रात्री झोपले नाही. मग मेमरी चॅनेलचा, म्हणजे रॅममधून प्रोसेसरकडे आकडे नेणाऱ्या वाटांचा, हिशेब मांडला. या झिऑनला प्रत्येकी चार चॅनेल असतात आणि डीडीआर4-2400 जातीच्या रॅमचं एक चॅनेल सेकंदाला 19.2 जीबी वाहतं. माझ्या दोन स्टिक म्हणजे दोनच चॅनेल, 38.4 जीबी. लॅपटॉपच्या दोन चॅनेलवर डीडीआर4-3200, म्हणजे 51.2 जीबी. हरणार नाही तर काय? त्या स्टिक देऊन 8 जीबीच्या आठ घेतल्या. रॅम तेवढीच, 64. पण आठही चॅनेल भरले, 153.6 जीबी झाले, आणि रन 35 मिनिटांवर आला.

पॅकहाउसमध्ये 14 बायका पॅकिंगला बसवल्या आणि क्रेट आणून देणारे दोघेच असले, तर बायकांचे हात कितीही चपळ असोत, त्या वाट बघत बसतात. माझं गणित तसंच आहे: प्रत्येक आकड्यावर काम थोडं, पण आकडे अमाप, प्रोसेसरच्या आतल्या छोट्या मेमरीत, म्हणजे कॅशमध्ये, न मावणारे. लॅपटॉपवर 6 कोअर लावले काय आणि 14 लावले काय, वेळेत जेमतेम फरक पडतो. त्यात त्याचे 14 कोअर एकसारखे नाहीत. 6 मोठे, 8 छोटे. कामाचे सारखे वाटे केले की छोटे मागे राहतात आणि मोठ्यांना त्यांच्यासाठी थांबावं लागतं.

सगळेच लॅपटॉप अरुंद नसतात, हेही सांगायला हवं. ॲपलच्या 2021 च्या एम1 मॅक्समध्ये मेमरीचा वेग 400 जीबीपर्यंत आहे. तो घेणं मला परवडलं नाही.

दुसरी गोष्ट उष्णतेची. मार्चअखेर नाशिक तापायला लागतं, आणि नेमका तेव्हाच माझा सीझन. लॅपटॉपचा 12700एच थोडा वेळ 115 वॅटपर्यंत खेचतो, मग गरम होऊन वेग उतरतो; त्याचा मूळ आकडा 45 वॅटचा. झिऑन 120 वॅटचा आहे आणि त्याच्यावर उष्णता ओढून घेणारा तेवढा मोठा हीटसिंक बसलाय. सकाळी जो वेग, तोच रात्री. सर्व्हरच्या ईसीसी रॅममुळे साठवलेल्या आकड्यातला एखादा बिट उलटला (0 चा 1 झाला) तर तो तिथल्या तिथे दुरुस्त होतो. रात्रभराच्या रनला मला हा भरवसा हवाच असतो.

विजेचं भाच्याचं म्हणणं मात्र बरोबर निघालं. मीटर लावून पाहिलं: सर्व्हर 350 वॅट घेतो, लॅपटॉप 100. एका रनला सर्व्हर 0.2 युनिट खातो, लॅपटॉप 0.14. पण खोलीत पेट्या रचायच्या सहा पद्धती एका दिवसात तपासायच्या असतील, तर ते जास्तीचे पैसे मी आनंदाने भरते.

काल तेच केलं. दिंडोरीच्या एका बागाईतदार दादांचा फोन होता, "ताई, पाठीमागच्या पेट्या गारच होईनात." मेश लॅपटॉपवर केला, सहाही रन सर्व्हरवर. पाचव्यात दिसलं: वरची ताडपत्री आखूड पडते, तिथून हवा पेट्यांमधून न जाता थेट फॅनकडे पळते. आज सकाळी त्यांनी ताडपत्री दीड फूट पुढे ओढलीय. थर्मामीटर मागच्या रांगेत ठेवलाय, संध्याकाळी आकडा कळवणार आहेत.