निपाणी ते खानापूर, व्हाया नवी मुंबई

खेळ पाहण्याच्या नादापायी २०२५ मध्ये मी जेवढी पायपीट केली, तिच्यातली निम्मी टाळता आली असती, आणि जो एक प्रवास करायलाच हवा होता तो मात्र केला नाही, असे डिसेंबरअखेर बेळगावजवळच्या खानापुरात बसून हे लिहिताना वाटते. फेब्रुवारीत कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर फुटबॉल पाहायला निघालो, तर भाषेवरून झालेल्या मारहाणीच्या प्रकरणाने कर्नाटक आणि महाराष्ट्र, दोन्ही राज्यांच्या बस सीमेवरच अडलेल्या होत्या. निपाणीपासून पुढे वडापच्या खच्चून भरलेल्या जीपमध्ये गुडघे छातीशी घेऊन बसलो आणि पोहोचलो तेव्हा शेवटची दहा मिनिटे उरली होती. मार्चमधला चॅम्पियन्स करंडक आणि ऑगस्टमध्ये ओव्हलवर ६ धावांनी जिंकलेली कसोटी घरीच पाहिली. ३ जूनला बेंगळूरच्या संघाने अठराव्या हंगामात पहिल्यांदा आयपीएल जिंकली, तेव्हा आमच्या गल्लीत मध्यरात्रीपर्यंत फटाके वाजले. दुसऱ्या दिवशी चिन्नास्वामी स्टेडियमच्या दारांत चेंगराचेंगरी होऊन ११ जण गेले. निपाणीच्या माझ्या आक्काचा मुलगा त्या गर्दीत होता. त्याचा फोन तीन तास लागत नव्हता, आणि रात्री तो खोलीवर परतला तेव्हा त्याच्या पायात एकच चप्पल होती.

त्या दुर्घटनेनंतर महिलांच्या विश्वचषकाचे बेंगळूरचे सामने काढून नव्या मुंबईला देण्यात आले. मला त्याचे फारसे सुखदुःख नव्हते, कारण ते सामने पाहण्याचा माझा विचारच नव्हता.

आता एक गोष्ट कबूल करतो. २३ ऑक्टोबरला भाऊबीज होती आणि मी आक्काकडे गेलो नाही, कारण त्या दिवशी सकाळी ॲडलेडला पुरुषांचा एकदिवसीय सामना होता. विराट कोहली शून्यावर गेला, भारत हरला, आणि मी चिडून टीव्ही बंद केला. त्याच दुपारी नव्या मुंबईत स्मृती मानधना आणि प्रतिका रावल यांनी न्यूझीलंडविरुद्ध शतके ठोकली, हे मला दुसऱ्या दिवशीच्या पेपरात कळले. राहिलेली ओवाळणी घेऊन १ नोव्हेंबरला निघणार होतो, पण बेळगावात त्या दिवशी एकीकडे कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक, दुसरीकडे सीमाभागातल्या मराठी भाषकांच्या काळ्या दिनाची फेरी आणि दोन्हींच्या मध्ये पोलिसांचे अडथळे असतात, म्हणून बायकोने थांबवले. अशा रीतीने मी २ नोव्हेंबरला, कार्तिकी एकादशीच्या दिवशी, निपाणीला गेलो.

आक्काने ओवाळले, ‘ह्या वर्षी भावापेक्षा कोहली मोठा झाला व्हय’ असे ऐकवले, आणि राहण्याचा आग्रह केला. सोमवारी कामावर जायचे होते, म्हणून रात्री साडेआठला बेळगावची बस धरली. उसाच्या ट्रॅक्टरांमागून रांगत संकेश्वर मागे पडले आणि थोड्याच वेळात इंजिनातून वाफ येऊ लागली. कंडक्टरने डेपोला फोन लावून ‘दुसरी गाडी निघालीय’ असे सांगितले. हे वाक्य त्याने पुढच्या दोन तासांत तीनदा, प्रत्येक वेळी तितक्याच खात्रीने सांगितले. खोळंबलेल्या प्रवाशांना खरे कारण आणि खरी वेळ सांगावी, असे कोणत्याच राज्याच्या बसला का वाटत नाही, हे मला तीस वर्षांत समजलेले नाही.

रस्त्याच्या कडेला पत्र्याची एक खानावळ होती. आत दोन ट्रक ड्रायव्हर, भिंतीवरच्या टीव्हीवर महिलांच्या विश्वचषकाचा भारत-दक्षिण आफ्रिका अंतिम सामना, आणि गल्ल्याशी वही घेऊन बसलेली मालकाची मुलगी, असेल तेरा-चौदा वर्षांची. मला उपास आहे म्हटल्यावर मालकाने उकडलेल्या शेंगांची परात पुढे सरकवली, तीन केळी ठेवली, आणि म्हणाला, ‘बसा की ओ निवांत, गाडी येतीया तवर मॅच बघावा.’

मुलगी हिशेब लिहीत असेल असे मला वाटले होते. पाणी घ्यायला उठलो तेव्हा वहीत डोकावलो. डाव्या पानावर गिऱ्हाइकांची बाकी होती, आणि उजव्या पानावर पट्टीने आखलेल्या चौकोनांत प्रत्येक चेंडूची नोंद: निर्धाव चेंडूला टिंब, बळीला लाल पेनने फुली. नावे कन्नडमध्ये होती. मला कन्नड वाचता येते ते बसच्या पाट्यांपुरते, त्यामुळे अक्षरे जुळवत जुळवत मी शफाली ८७, दीप्ती ५८, एकूण ७ बाद २९८ असे वाचले. मागची पाने उलटली, तर ३० सप्टेंबरच्या गुवाहाटीच्या सामन्यापासून भारताचा प्रत्येक सामना तिथे होता. ओळीने हरलेले तिन्हीसुद्धा, एकही खाडाखोड न करता.

मी गप्प बसायला हवे होते. पण क्रीडाशौकीन माणसाला अशा वेळी आपला अनुभव सांगितल्याशिवाय चैन पडत नाही. मी चिन्नास्वामीवर पाहिलेले सामने सांगितले, पुण्याजवळच्या गहुंज्याच्या स्टेडियमवर उन्हात भाजलेली पाठ सांगितली, आणि आपल्या बेळगावचे फडेप्पा चौगुले १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन धावले होते, हेही सांगून टाकले.

‘कितवा नंबर आला?’ तिने वहीतून मान वर न करता विचारले.

‘एकोणिसावा.’

‘चांगला हाय की. आणि काका, बायकांची मॅच बघाय कुठं गेल्ता?’

मी केळ सोलू लागलो. या स्पर्धेची साखळी सामन्यांची तिकिटे १०० रुपयांपासून होती. खानापूरहून बेळगाव आणि तिथून रात्रीची बस धरली, तर सकाळी नवी मुंबई येते. स्मृती ज्या सांगलीत वाढली, ती आक्काच्या निपाणीहून दोन-अडीच तासांवर आहे, आणि तिथे मी लग्नकार्यांना शंभरदा गेलो आहे. भारताचे शेवटचे चारही सामने त्याच एका मैदानावर झाले. मी एकाचेही तिकीट काढले नव्हते, आणि काढावे असे मनातही आले नव्हते. ‘नाही गेलो,’ म्हणालो. तिने ‘हं’ केले आणि पुढचे टिंब दिले. तिने मला काही सुनावले असते तर बरे वाटले असते.

कर्णधार हरमनप्रीतने शफालीच्या हाती चेंडू दिला तेव्हा एक ड्रायव्हर कळवळला आणि मीही ‘आता गेली मॅच’ म्हणालो. ‘सुम्न कूडरी,’ गप्प बसा म्हणून मुलीने आम्हा दोघांना एकदमच दटावले. संघात नसलेली, रावल जखमी झाली म्हणून उपांत्य फेरीपूर्वी बोलावलेली ती शफाली आपल्या लागोपाठच्या षटकांत लूस आणि काप यांना घेऊन गेली. मुलीने दोन लाल फुल्या मारल्या आणि आमच्याकडे पाहिलेही नाही. तिचे लक्ष दक्षिण आफ्रिकेच्या डी क्लर्कवर होते. ९ ऑक्टोबरला विशाखापट्टणमला नाबाद ८४ धावा करून हिनेच भारताच्या तोंडचा घास काढला होता, ते पान तिने मला दोनदा दाखवले.

लॉरा वूलव्हार्टचे शतक झाले आणि खानावळ मुकी झाली. मग तिने दीप्तीला उंच मारले, अमनजोत धावत आली, चेंडू हातांतून उडाला, पुन्हा उडाला, आणि तिसऱ्या खेपेला तिने तो धरला. ड्रायव्हरने टेबलावर एवढ्या जोराने थाप मारली की शेंगांची टरफले माझ्या मांडीवर आली. त्याच क्षणी बाहेर हॉर्न वाजला. दोन तास न आलेली गाडी आली होती.

‘थांबा की, काका,’ मुलगी म्हणाली. ‘तीनच ऱ्हायल्यात.’

मी थांबलो नाही. रात्रीचे पावणेबारा, पुढची गाडी नाही, सकाळी हजेरी. धावत जाऊन बसलो. खिडकीतून टीव्हीचा निळा उजेड आणि वहीवर वाकलेले डोके एवढेच दिसले. हत्तरगीच्या पुढे मोबाइलची रेंज गेली. नव्या मुंबईच्या मैदानावर हरमनप्रीतने डी क्लर्कचा झेल मागे धावत घेतला आणि भारताने पहिल्यांदा हा विश्वचषक ५२ धावांनी जिंकला, तेव्हा मी पुढच्या सीटच्या फाटक्या रेक्झिनकडे पाहत होतो. वंटमुरीचा घाट उतरल्यावर, काकतीत वाजणाऱ्या फटाक्यांवरून मला निकाल कळला. बेळगावच्या स्थानकावर खानापूरची पहिली गाडी लागेपर्यंत बाकावर बसून होतो, आणि तिथे पाकिटाला हात लागला तेव्हा ध्यानात आले की शेंगा आणि केळ्यांचे पैसे दिलेलेच नाहीत.

डिसेंबरात पुन्हा निपाणीला गेलो, तेव्हा येताना मुद्दाम तिथे उतरलो. मालकाने ओळखले नाही, मुलीने ओळखले. तिने वही काढली. डाव्या पानावर, नाव ठाऊक नसल्यामुळे, नुसते ‘उपासवाले काका, ४०’ असे मराठीत लिहिलेले होते. मी शंभराची नोट दिली, तिने साठ रुपये मोजून परत केले आणि त्या ओळीवर पट्टी ठेवून आडवी रेघ मारली. मग मी न विचारताच उजवे पान माझ्याकडे फिरवले. पंचेचाळिसाव्या षटकानंतरच्या तिसऱ्या चेंडूवर, डी क्लर्कच्या नावापुढे, लाल पेन इतके दाबले गेले होते की कागद फाटून फुली पलीकडच्या पानावर उमटली होती.